शेऱ्याचा रकाना

मनाली–लेह रस्त्यावर बारालाचा खिंडीच्या अलीकडे ऑक्टोबर सरता सरता काम थांबते. खिंड सुमारे १६,००० फुटांवर. बर्फ पडू लागला की सीमा रस्ते संघटनेचे मजूर बिऱ्हाड गुंडाळून खाली उतरतात. यातले कितीतरी जण झारखंडच्या दुमक्याकडचे. उन्हाळ्यात यायचे, विरळ हवेत खडी फोडायची, बांध रचायचे आणि थंडीआधी परतायचे. १९६० साली स्थापन झालेल्या या संघटनेचे ब्रीद ‘श्रमेण सर्वं साध्यम्’. त्यातला श्रम मुख्यतः यांचा आहे, हे सांगितलेच पाहिजे.

तिथे साताऱ्याकडचा एक तरुण ओव्हरसिअर होता. संघटनेच्या पुण्यातल्या दिघी केंद्रातून आलेला, पहिलीच नेमणूक. मजूर उतरण्याच्या आदल्या दिवशी तो हजेरीपट घेऊन आला, तर मजुरांचा मुकादम, म्हातारा मेट, रस्त्याखालच्या एका मोरीच्या तोंडाशी पालथा पडलेला. हात खांद्यापर्यंत आत. गाळ, बारीक खडी, कुणाचा तरी फाटका बूट, एकेक करून बाहेर येत होते. बोटे निळी पडली होती.

“काका, सोडा ते. आता सहा महिने इथून चिटपाखरूही जायचं नाही.”

“माणूस जाणार नाही, साहेब. पाणी जाईल.”

गाळ राहिला की त्यात पाणी अडते, गोठते, फुगते आणि मोरीचे दगड उचकटते. मग वसंतात बर्फ वितळला की पाणी रस्त्यावरूनच वाट काढते. मेटने एवढे काही सांगितले नाही. टिकावाने रस्त्याची कड दाखवून तो म्हणाला, “इथून कापेल.”

ती मोरी मोकळी झाली तेव्हा दिवस मावळला होता. पुढच्या वळणावरची राहिलीच. मेट टिकाव उचलून निघालाही होता, पण ओव्हरसिअरने त्याला थांबवले. अंधार झाला होता, माणसे दमली होती.

वसंतात डोजर बर्फ कापत वर चढले. वळणावरचा रस्ता अर्धा वाहून गेला होता. रसद घेऊन निघालेले ट्रक खाली खोळंबले. टोळीने रात्रंदिवस खपून तारेच्या जाळ्यांत दगड भरले, भिंत उभी केली, भराव टाकला. वरचे साहेब आले, सगळ्यांची पाठ थोपटली, फोटो निघाले, मिठाई वाटली. कौतुक रास्तच होते. परतताना त्यांची गाडी अलीकडच्या मोरीवरून न थांबता निघून गेली. थांबून बघावे असे तिथे काही नव्हतेच.

मेट त्या वर्षी आला नव्हता.

रात्री ओव्हरसिअर नुकसानीचा तक्ता भरायला बसला. वळणावरच्या मोरीची ओळ झटकन भरली. मग त्याने खाली आणखी एक ओळ घातली. ठिकाण: अलीकडची मोरी. नुकसान: नाही. शेऱ्याच्या रकान्यात त्याने मेटचे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे लिहिले, ‘ऑक्टोबरात हाताने साफ केली.’

नुकसानच नाही, तर नोंद कशाला, अशी विचारणा झाली. त्याने ओळ खोडली नाही. त्या सप्टेंबरात डांबराची टोळी त्याने लवकर मोकळी केली आणि मोऱ्यांवर लावली. वळणावरच्या मोरीपासून सुरुवात केली. डांबरीकरण ठरल्यापेक्षा कमी भरले. त्याबद्दल साहेबांनी जाब विचारला, तेव्हा त्याने तोच जुना तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला.