स्थिरावलेलं उत्तर

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याकडे जाणारी जीप भरताना पाहावी. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर पोती, टोपल्या, एखादी सायकल, आणि या सगळ्यावर आवळलेला दोर. या जीपभोवती वारा कसा वाहतो, हे आता इंजिनिअरिंगचा कुणीही विद्यार्थी ऑनलाइन तपासू शकतो. जीपचं त्रिमितीय मॉडेल दूरच्या सर्व्हरवर चढवायचं, भोवतालच्या हवेत जाळी टाकून तिचे लाखो कप्पे पाडायचे, वाऱ्याचा वेग सांगायचा आणि गणित सुरू करायचं. मॉडेल एकदा वर गेलं की मोखाड्यात रेंज गेली तरी बिघडत नाही, गणित तिकडे चालूच राहतं.

घाटातल्या वळणांवर या वाऱ्याला फारसं महत्त्व नाही, कारण तिथे वेगच नसतो. पण हीच जीप विक्रमगडवरून मनोरला उतरून महामार्गाला लागली आणि ताशी 40 चा वेग 80 झाला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट. टपावरचं पोतं तिथे डिझेल खाऊ लागतं.

हे गणित बिघडतं तेव्हा बहुतेकांची नजर आधी गाडीवर जाते. बिघाड मात्र बऱ्याचदा गाडीच्या आसपास असतो. टायर जमिनीला टेकतो त्या जागी हवेची पाचर इतकी निमुळती होते की तिथले कप्पे वेडेवाकडे, चपटे होतात, आणि गणित तिथूनच फुटतं. दाबाचे आकडे अशक्य होतात आणि सगळं थांबतं. त्यावर साधा उपाय आहे: टायर जमिनीत किंचित रुतवायचा, म्हणजे ती पाचर तितकी निमुळती उरत नाही. असं गणित फुटलं की विद्यार्थी हिरमुसतात. मला मात्र हा बिघाड सज्जन वाटतो. तो लपत नाही, आणि कुठे बघायचं तेही सांगतो.

काळजी वाटते ती शांतपणे स्थिरावलेल्या उत्तराची. हिशोबातली उरलेली तफावत दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेघा झरझर खाली येतात, आकडा हलायचा थांबतो, निळ्या-तांबड्या रंगांचं देखणं चित्र उमटतं. पण त्या रेघा खाली आल्या याचा अर्थ एवढाच, की आपण मांडलेल्या गणिताचा हिशोब जुळला. मांडणी बरोबर होती का, हे त्या सांगत नाहीत. वेळ वाचवायला अर्धीच गाडी घेतली आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ पूर्ण गाडीचं ठेवलं, की विरोधाचा गुणांक बरोबर निम्मा येतो. ठोकळ्यासारखी जीप मग एखाद्या उत्तम आकाराच्या मोटारीइतकी चपळ ठरते! रस्ता स्थिर ठेवला, तर गाडीच्या पोटाखालचा वारा खोटा वाहतो, कारण खऱ्या प्रवासात गाडीच्या दृष्टीने रस्ताही वाऱ्याच्याच वेगाने मागे पळत असतो. गाडीभोवती गणितासाठी आखलेल्या हवेच्या खोलीच्या भिंती फार जवळ आणल्या, तर वारा उगाच कोंडतो. यातली एकही चूक गणित थांबवत नाही.

ही फसगत नवशिक्यांचीच होते असंही नाही. जर्मनीत एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मोटारीचा अगदी साधा नमुना अभ्यासला. 1044 मिलिमीटर लांबीचा, चाकंही नसलेला ठोकळा, मागची वरची बाजू तिरकी कापलेली. हा उतार 30 अंशांच्या आसपास आला की मागचा वारा एकदम वेगळाच वागू लागतो. 25 अंशांच्या उतारावर प्रयोगात वारा सुटून पुन्हा पृष्ठभागाला चिकटतो, पण नेहमीच्या वापरातली कितीतरी गणितं तो चिकटतच नाही असं सांगतात, आणि तेही व्यवस्थित स्थिरावून. कधी दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि एकूण विरोधाचा आकडा बरा येतो. जागोजागचा दाब तपासला, तरच ते उघडं पडतं.

म्हणून जाणकार माणूस उत्तर मिळाल्यावरही जाळी आणखी बारीक करून तेच गणित पुन्हा चालवतो. आकडा हलला, तर आधीचं उत्तर जाळीने दिलेलं होतं, वाऱ्याने नव्हे. कप्प्याच्या आत जे घडतं ते गणिताला दिसतच नाही. कप्प्याला एकच वेग, एकच दाब.

हवामानाचं गणितही याच जातीचं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे 2025 मध्ये सुरू झाली, तेव्हा आधीची 12 किलोमीटरची जाळी 6 किलोमीटरवर आली. बारा किलोमीटरच्या चौकोनात जव्हारचं पठार आणि त्याच्या पायथ्याची दरी मिळून एकच सरासरी उंची होते. पाऊस तर तिथे वारा चढतो म्हणूनच जास्त पडतो. चढच पुसला, तर पावसाचा हिशोब कशावर करायचा?

जव्हार-मोखाडा या तालुक्यांबद्दल लिहिताना कप्प्याची ही गोष्ट माझ्याच्याने वाऱ्यापाशी थांबवत नाही. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मुंबईला खेटलेला, कारखान्यांचा, सधन जिल्हा. त्या जिल्ह्याच्या कुठल्याही सरासरीत वावर-वांगणी दिसणार नव्हती. आकडे खोटे होते असं माझं म्हणणं नाही. ते बरोबर असूनही त्या पाड्यांबद्दल काहीच बोलत नव्हते, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. कप्पा लहान झाला, पण अजूनही त्यात एका टोकाला वसई-विरार आहे आणि दुसऱ्या टोकाला मोखाडा. पालघरची अमुक बाबतीत सुधारणा झाली असं कुणी सांगितलं, की मी तालुक्याचा आकडा विचारते, मग पाड्याचा. आणि त्याच्याही खाली अंगणवाडीतलं वजनाचं रजिस्टर असतं, त्यात प्रत्येक मुलाची ओळ वेगळी असते. जिल्ह्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ते रजिस्टर वाचल्यावर ठरवावं.