आवर कोणाला?

मुलांच्या प्रवृत्तींस आवर घालणें म्हणजे त्यांची वाढ खुंटविणें, असा एक पक्ष आहे. आवर म्हणजेच संस्कार, असा दुसरा. दोन्ही पक्ष निसर्गाचा दाखला देतात. तो दाखला आम्ही झेब्रा माशाच्या गर्भांत तपासून पाहूं.

या गर्भांत 'स्क्विंट' नांवाचें प्रथिन एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेतें; कोणत्या पेशींपासून स्नायू व आंतड्यांचें अस्तर व्हावयाचें, हें त्यावरून ठरतें. 'लेफ्टी' हें प्रथिन त्याच निरोपाची वाट अडवितें. सुमारें 22 न्यूक्लिओटाइडांचा 'मिर-430' हा सूक्ष्म आर.एन.ए. या दोहोंच्याही निर्मितीस लगाम घालतो. 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्क्विंटवरचा लगाम सोडविला, तेव्हां निरोप बळावला. लेफ्टीवरचा सोडविला, तेव्हां तो क्षीण झाला. प्रेरणा मोकळी सुटली तरी समतोल ढळतो, आणि अडथळा मोकळा सुटला तरीही ढळतो.

निसर्ग हें कांहीं धर्मशास्त्र नव्हे. माशाच्या गर्भांतून गृहनीतीची आज्ञा काढणें भोळेपणाचें होईल. परंतु 'निसर्गच निग्रह शिकवितो' असें सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं तो दाखला पुरता वाचावा. ज्या घरांत मुलांची इच्छा तेवढी आवरली जाते आणि वडिलांचा नकार मात्र मोकाट असतो, त्या घरानें हा दाखला देऊं नये. हें लिहितांना आम्हांस आमचेंच घर आठवलें, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.