दान, हक्क आणि खरेदी

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापलीकडच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान 2 टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर, म्हणजे नेहमीच्या व्यवसायाबाहेरील लोकोपयोगी कामावर, खर्च करावी लागते. या रकमेतून नांदेड वा लातूर येथील मुस्लिम, शीख किंवा बौद्ध लघुउद्योजकाला यंत्र मिळाले, तर देणारा आणि घेणारा यांच्यात कोणते नाते निर्माण होते, हा धर्मविचारातील जुनाच प्रश्न आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दान देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले जाते. दात्याच्या चित्तशुद्धीसाठी ही कसोटी उत्तम असली, तरी घेणाऱ्याच्या मनाचे काय होते याविषयी ती मौन बाळगते. जकात, म्हणजे निसाब या किमान मर्यादेवरील व चांद्रवर्षभर टिकलेल्या संपत्तीतून सामान्यतः अडीच टक्के देण्याचे इस्लाममधील कर्तव्य, येथे वेगळी दिशा दाखवते. कुराणात संपत्तीतील गरजूंचा वाटा हा त्यांचा हक्क मानला असल्यामुळे सक्तीने देण्याचे मोल कमी होत नाही, आणि शाफिई धर्मशास्त्रज्ञांनी तर कारागिराला अवजारे घेता येतील इतके द्यावे, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही, असे मत मांडले. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये जिवंत असलेल्या शीख परंपरेत किरत, म्हणजे प्रामाणिक श्रमाची कमाई, आणि ती वाटून खाणे ही जोडकर्तव्ये आहेत. साहजिकच आज घेणाऱ्याने उद्या दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देणारा व्हावे, हे तिथे गृहीत आहे.

लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीची, अर्थात ‘डिक्की’ची, भूमिका याच अंगाने समजून घ्यावी लागते, कारण तिचा भर नोकरी मागणाऱ्यापेक्षा नोकरी देणारा घडवण्यावर आहे. अशा उद्योजकाला देणगीपेक्षा मालाची मागणी अधिक उपयोगी पडते. मात्र यंत्र देणारी कंपनी उत्तरदायित्वाच्या हिशेबात बसते आणि त्याच यंत्रावरील माल विकत घेणारी बसत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच, नाहीतर कंपन्या आपली रोजची खरेदीही पुण्यकर्मात जमा करतील. नैतिकदृष्ट्या मात्र पराधीनता संपवण्याचे सामर्थ्य खरेदीतच अधिक आहे, कारण तिथे उपकाराचे ओझे उरत नाही.

अशा उद्योजकांसाठी वाटा राखून केलेली खरेदी, म्हणजे राखीव खरेदी, हे छुपे दानच आहे, असा आक्षेप घेतला जातो. बाजार आधीपासून निःपक्षपाती असता, तर हा आक्षेप टिकला असता. पण ऑर्डर ओळखीने आणि उधारी नात्यागोत्याने मिळते, तिथे बाहेरच्याचा माल भावाच्या तुलनेपर्यंत पोचतच नाही. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांच्या वाट्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी एकूण खरेदीच्या 4 टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले, ते दान नसून बाजाराचे हे बंद दार उघडण्याचा प्रयत्न आहे. अनुसूचित जातींतील बौद्धांना, त्या जाती ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशात 1990 मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, हे दार खुले झाले, तर त्याच आदेशातील धर्माच्या अटीमुळे मुस्लिम कारागीर, त्याचा पिढीजात धंदा कोणताही असो, त्या जातींच्या यादीबाहेरच राहिला. त्याच्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सर्वसाधारण वाट्यापलीकडे खाजगी कंपनीची स्वेच्छेची खरेदीच उरते, आणि ती करण्यास कोणताही कायदा त्या कंपनीला बांधत नाही.