मनीचा घास

शब्बाथशाळेत नीतिसूत्रे १२:१० शिकविताना आम्ही नेहमी बैलाचे उदाहरण देत आलो. निपाणीच्या तंबाखूच्या शेतात बैल राबतो, तेव्हा त्याला वेळेवर वैरण-पाणी द्यावे, हे मुलांना चटकन पटते. परंतु ज्या जनावराचा काहीच उपयोग उरला नाही, त्याचे आपण काय देणे लागतो? आमच्या घरच्या मनी मांजरीने हा प्रश्न आमच्यापुढे आणला.

खाल्लेले अन्न मनी थोड्या वेळाने तसेच्या तसे बाहेर टाकू लागली. वांतीपूर्वी पोट ढवळते, तसे काही नव्हते. मान खाली झाली की घास परत येई. बेळगावला नेऊन क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा कळले की तिची अन्ननलिका सैल होऊन फुगली आहे. घास पुढे सरकत नाही, वाटेतच साचतो. तो श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनियाचा धोका. हा विकार बहुधा बरा होत नाही, सांभाळावा लागतो. मनीला मागच्या पायांवर उभे धरून मऊ अन्न थोडे थोडे भरवायचे आणि मग १०-१५ मिनिटे खांद्याशी उभेच धरायचे, म्हणजे अन्न आपल्या भाराने पोटात उतरते. असे दिवसातून चार वेळा.

परिचितांनी विचारले, "माणसे उपाशी असताना मांजरीपायी एवढा वेळ?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आमच्या मंडळीतील एका आजींना अर्धांगवायूमुळे गिळताना त्रास होतो. आम्ही पाळीपाळीने त्यांना पेज भरवायला जातो. उपासनेची वेळ गाठायची म्हणून त्यांना निजल्या जागीच भराभर चमचे देत होतो. ठसका लागला की "वय झाले" म्हणून मोकळे होत होतो. एके दिवशी मनीला खांद्याशी धरून बसलो असता हे आठवले आणि शरम वाटली. आता आजींना नीट बसते करतो, एक घास गिळल्यावरच दुसरा देतो आणि नंतर अर्धा तास बसते ठेवतो. ठसका पुष्कळ कमी झाला. मनी नसती तरी आजींच्या वाट्याला आमचा तेवढा वेळ आला नसता, हे कबूल केले पाहिजे.

हे कुठवर करायचे? मनी हाकेला येते, अंग चाटते, उन्हात पडते, तोवर आमचा कंटाळा हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. तिचा श्वास जड होईल, वेदना आवरता येणार नाहीत, त्या दिवशी पशुवैद्यांचा सल्ला मानावा लागेल. तेव्हा केवळ आमच्या मायेपायी तिचे हाल लांबवणेही बरोबर होणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा पाठ पुन्हा घ्याल तेव्हा बैलाबरोबर अशा एखाद्या जिवाविषयीही मुलांना विचारा. कदाचित त्यांच्या घरीच कोणी सावकाश भरवलेल्या घासाची वाट पाहत असेल.