धरसोड की स्वधर्म?

गेल्या दिवाळीच्या सुटीत एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहास्तव पाचूबंदरास जाण्याचा योग आला. वसईच्या किल्ल्यापाशी, खाडीच्या मुखाजवळ ही कोळ्यांची वस्ती आहे. एका अंगास चिमाजीअप्पांच्या सैन्याने १७३९ साली जिंकलेल्या कोटाच्या भिंती, दुसऱ्या अंगास उल्हास नदीचे पाणी घेऊन समुद्रास मिळणारी खाडी, आणि मधल्या जागेत होड्या, जाळी व बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. माझा विद्यार्थी ह्याच वस्तीतला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तीन वर्षे तो एका कचेरीत हिशेब लिहीत आहे; आणि आता त्यास ती नोकरी सोडून, बारावीच्या विज्ञानाच्या परीक्षेपासून पुन्हा आरंभ करून, माशांच्या जीवनाचा शास्त्रीय अभ्यास करावयाचा आहे. त्याचे वडील तांडेल. त्यांनी मला बाजूस घेऊन म्हटले, "सर, तुम्हीच ह्याला दोन शब्द सांगा. वारा फिरेल तशी मती फिरवायची म्हटली तर घर कसे चालायचे?"

पूर्वी हे दोन शब्द मी विनाविलंब सांगितले असते. किंबहुना एकदा ते सांगितलेही होते. पंचवीस वर्षांपूर्वी वनस्पतींच्या नादी लागलेला एक हुशार मुलगा असाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला होता. हाती घेतलेले तडीस न्यावे, धरसोड हा बुद्धिमंतांचा मोठा शत्रू आहे, असा उपदेश मी त्यास केला आणि त्याने तो मानला. आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे. भेटला म्हणजे अगत्याने बोलतो. पण वनस्पतींचा विषय तो माझ्यापुढे कधी काढीत नाही. त्याच्या ह्या मौनाने मला माझ्या उपदेशाचा पुनर्विचार करावयास लावले आहे.

धरसोडीचा आपल्या समाजास तिटकारा आहे, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. कोणतीही विद्या आरंभी गोड, मध्ये रुक्ष आणि फार पुढे गेल्यावर पुन्हा गोड लागते. मधल्या रुक्ष प्रदेशातून जो दरवेळी माघारी फिरतो त्यास अनेक विद्यांचे उंबरठे ठाऊक होतात, घर एकाही विद्येचे ठाऊक होत नाही. तथापि चिकाटीची स्तुती करताना आपण एक प्रश्न विचारावयास विसरतो. चिकाटी कशाशी? सतराव्या वर्षी, बहुधा गुणांच्या आकड्यावरून, वडिलांनी वा शेजाऱ्यांनी सुचविलेल्या शाखेशी? अशा निवडीस 'स्वधर्म' हे मोठे नाव देणे म्हणजे अपघातास व्रत म्हणण्यासारखे आहे.

ह्या संदर्भात सालिम अली ह्यांचे चरित्र मनन करण्यासारखे आहे. १८९६ साली मुंबईत जन्मलेला, लहानपणीच आईबापांस पारखा झालेला आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी ह्यांच्या घरी वाढलेला हा मुलगा. त्याने हवाबंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे विचारावयास तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला, आणि मिलार्ड ह्या तेथील चिटणिसांनी त्यास पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. ही कथा सर्वश्रुत आहे. पण तिच्यानंतरची वीस-बावीस वर्षे आपण सहसा सांगत नाही. सेंट झेवियर्स कॉलेजातील शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या मंडळींच्या खाणीचा व लाकडाचा व्यापार पाहावयास ते गेले. त्यात जम बसला नाही. परत येऊन त्यांनी व्यापारी कायदा व हिशेबनिशी शिकावयास घेतली, आणि त्याचबरोबर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात व्याख्यात्याची जागा मिळाली. ती घेऊन दोन वर्षे होतात न होतात तोच रजा काढून ते बर्लिनला श्ट्रेझेमान ह्या पक्षिशास्त्रज्ञाजवळ शिकावयास गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. वय तेहतीस, विद्यापीठाची पदवी नाही, नोकरी नाही. त्या दिवशी पाचूबंदरच्या तांडेलांनी त्यांस पाहिले असते तर मुलापुढे धरसोडीचे उदाहरण म्हणूनच उभे केले असते.

मग ते अलिबागेजवळ किहीम येथे जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे ते दिवस त्यांनी घरट्यांकडे पाहण्यात घालविले. आपल्या भाषेने ह्या पक्ष्यास स्त्रीलिंगी नाव दिले असले तरी घरटे विणतो तो नर. ते अर्धवट झाले म्हणजे मादी येऊन त्याची पाहणी करते. पसंत पडल्यास तेथे राहते. नर ते घरटे पुरे करतो आणि लगेच दुसऱ्याच्या विणकामास लागून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा सारा व्यवहार त्यांनी दिवसेंदिवस टिपून १९३१ साली प्रसिद्ध केला, आणि शास्त्रज्ञांच्या जगात त्यांचे नाव झाले. पुढे संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या, १९४१ चे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक, आणि डिलन रिप्ले ह्यांच्यासह १९६८ पासून १९७४ पर्यंत निघालेले दहा खंड. १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ह्याच कामात होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शेवट गोड झाला म्हणून आपण ह्या भटकंतीस निष्ठा म्हणतो. ज्यांचा शेवट गोड झाला नाही त्यांची चरित्रे कोण लिहितो? यशावरून निर्णयाची योग्यता ठरविणे हा आळशी तर्क आहे. माणसाने दिशा बदलावी की नाही ह्याची कसोटी त्याच क्षणी हाती असली पाहिजे, चाळीस वर्षांनंतर नव्हे.

अशा दोन कसोट्या मला दिसतात. पहिली ही की, वेतन नाही, पदवी नाही, कोणी पाहत नाही, अशा वेळी तो मनुष्य ते काम करतो काय? किहीमच्या त्या पावसाळ्यात सालिम अलींस कोणी नेमले नव्हते; तवॉयच्या रानातही व्यापार मागे पडे, पण पक्षी सुटले नाहीत. त्यांनी उद्योग बदलले, ध्यास बदलला नाही. इरावती कर्वे ह्यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मग समाजशास्त्राची, आणि १९३० साली बर्लिनला मानवी कवटीच्या अभ्यासावर डॉक्टरेट; शाखा तीन, पण मनुष्य म्हणजे काय ही जिज्ञासा एकच. दुसरी कसोटी अधिक कठोर आहे: ह्या बदलाची किंमत कोण देणार? सालिम अलींच्या पत्नी तेहमिना ह्यांनी ते अनिश्चित जीवन स्वीकारले आणि पाहण्यांच्या मोहिमांतही त्या सोबत राहिल्या. असा वाटा कोणी स्वखुशीने उचलील तर ते ऋण आहे. न विचारता त्याच्यावर लादला तर तो अन्याय आहे. तांडेलांचा प्रश्न घराचा होता, आणि तो क्षुद्र नव्हता.

म्हणून मी त्या दिवशी उपदेश केला नाही. मुलास विचारले, "कचेरीतून आल्यावर ह्या तीन वर्षांत तू काय केलेस?" तो आत जाऊन एक जुनी हिशेबाची वही घेऊन आला. खाडीत लावलेल्या जाळ्यात कोणत्या तिथीस, भरतीच्या कोणत्या वेळी, कोणत्या माशांची किती पिल्ले सापडली, ह्याच्या नोंदी तीत रकाने आखून केल्या होत्या. हिशेबनिसाचे शिक्षण अगदीच वाया गेले नव्हते. तांडेलांनी ही वही कधी पाहिली नव्हती. ती त्यांनी हाती घेतली, बराच वेळ पाने चाळली, आणि एका नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकले. त्या दिवशी उधाण नव्हते, भांगाचे दिवस होते."

मुलाने ती नोंद तेथल्या तेथे दुरुस्त केली. मग घरखर्चाची गोष्ट निघाली: एक वर्ष नोकरी न सोडता परीक्षेची तयारी करावयाची, शिल्लक किती टाकावयाची, धाकट्या बहिणीच्या शिक्षणास हात लागू द्यावयाचा नाही. ह्या बोलण्यात मला फारसे स्थान नव्हते. तो मुलगा शास्त्रज्ञ होईल किंवा होणार नाही. ते मी सांगू शकत नाही. परंतु पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या दुसऱ्या मुलास मी त्याची वही मागितली नव्हती, एवढे मला त्या संध्याकाळी खाडीकाठाने परतताना स्पष्ट दिसले.