चालणं कुणाच्या वाट्याचं?

"दिवसभर पायावरच उभी असते की मी! आणखी वेगळं फिरायचं ते कशाला?" साठी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला विचारा, हेच ऐकू येतं. इकडे बेळगावात पहाटे किल्ल्याच्या तळ्याकडे गेलात तर निवृत्त काका-मामा हात हलवत झपझप चाललेले दिसतील. त्याच वेळी त्यांच्या घरच्या बायका ओट्याशी उभ्या. उठलेली दोघंही; पण त्यांच्या उठण्याला व्यायाम म्हणतात आणि हिच्या उठण्याला काहीच नाव नाही.

घरकाम ही हालचाल नव्हे, असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ते हालचालीतच धरते. पण 65 नंतर आठवड्याला किमान 150 मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल, 2 दिवस स्नायूंना बळ देणारा आणि 3 दिवस तोल सांभाळणारा व्यायाम हवा, असं ती सांगते. ओट्याशी तासन्‌तास उभं राहून पाय भरून येतात, तोल काही सुधारत नाही. त्यात पाळी थांबल्यावर हाडं भराभर विरळ होतात, गुडघेदुखीही बायकांतच जास्त. बायका पुरुषांहून अधिक वर्षं जगतात खऱ्या. पण कितीजणींची शेवटची वर्षं भिंत धरूनच जातात.

म्हणजे जिला चालण्याची गरज जास्त, तिलाच सवड कमी. बाईचं शरीरच तसं, म्हणावं तर आपल्या आर्यिका माताजी बघा. उतारवयातही गावोगाव अनवाणी विहार करतात. शरीर बाईचंच ना? पण त्यांच्या चालण्याला कुणी 'कशाला' म्हणत नाही.

मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालायला शिकलेल्या आपण. त्या दयेत आपले गुडघे का बसू नयेत? कुणी म्हणेल, हा स्वार्थ झाला. पण उद्या मी पडले तर उचलायला सूनच लागणार. तेव्हा आज चालणं ही तिच्यावरचीही दया आहे. आणि समजा, कुणाला त्रास होणार नसता, तरी तो अर्धा तास माझाच होता.

तेव्हा अक्का, उद्या सकाळचा चहा त्यांना करू दे. साखर जास्त पडली तरी पडू दे. तू चपला घाल.