आठवण नक्की कशाची?

आप्पांची मारुती ८०० विकून मी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. पुण्याहून आष्ट्याला येताना आता खंबाटकी घाट कळतही नाही. ८००चं ७९६ सीसीचं इंजिन तिथे धापा टाकायचं. आप्पा एसी बंद करायचे, आई काच खाली घ्यायची, मागे आम्ही भावंडं गप्प. गाडी चढेपर्यंत सगळ्यांचा जीव तिच्यात.

तिचे टायर, क्लच, रेडिएटर, सगळं कधी ना कधी बदललं होतं. ग्रीकांचं एक जुनं कोडं आहे: थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेलो, तर जहाज तेच राहतं का? आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. बसणारे तेच होते, म्हणून गाडी तीच होती.

मग मला आठवते ती गाडी, की ती माणसं? पण माणसं तर आहेत! विकताना मात्र मी त्यांना विचारलं नव्हतं.

नवी गाडी दारात लावली तेव्हा आप्पा म्हणाले, "झ्याक हाय. पण तुझी आई कुठं बसायची?"

जुन्या गाडीची आठवण येते म्हणतो, तेव्हा मी बहुतेक याच प्रश्नाचं उत्तर टाळत असतो.